गेरूत मावलेला लोगो

एखाद्या गावच्या वेबसाइटसाठी लोगो करायला घेतला की पहिली अडचण येते जागेची. मोबाइलच्या कोपऱ्यात नखाएवढा असला तरी तो ओळखू आला पाहिजे आणि तोच चौकातल्या फ्लेक्सवर, पावतीपुस्तकावर, रबरी शिक्क्यावरही चालला पाहिजे. संगणक नव्हता त्या काळात ही परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेले एक चिन्ह सरकारी होते. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांनी ते आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पाहिले असेल: टोक खाली केलेला लाल त्रिकोण.

कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम भारताने १९५२ मध्ये हाती घेतला. महाराष्ट्रात या विषयाला त्याच्या कितीतरी आधी तोंड फुटले होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. टीका, खटले, पदरमोड सगळे सोसले. पण कर्व्यांचे हत्यार लेख हे होते, आणि तो वाचणाऱ्यालाच लागू पडतो. १९६१ च्या जनगणनेतही देशात साक्षर माणूस साधारण चारांत एकच होता.

बाकीच्या तिघांपर्यंत कसे पोचायचे, हा प्रश्न साठच्या दशकात दिल्लीतल्या कुटुंब नियोजन खात्यापुढे आला. प्रसाराचे काम पाहणारे अधिकारी डी. के. ऊर्फ दीप त्यागी यांनी पाल्हाळ छाटून टाकला. आई, बाप, मुलगा, मुलगी असे चार हसरे चेहरे, ‘दो या तीन बच्चे, बस’ एवढीच घोषणा आणि शेजारी लाल त्रिकोण. फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार फ्रँक वाइल्डर यांच्यासोबत त्यागींनी १९६८ मध्ये ‘डेमोग्राफी’ या नियतकालिकात या मोहिमेवर लेखही लिहिला.

चिन्ह म्हणून त्रिकोणाची करामत बारकाईने पाहण्यासारखी आहे. तीन सरळ रेषा, तिन्ही बाजू सारख्या. अक्षर एकही नाही, त्यामुळे मराठी, तमिळ, बंगाली अशा लिपी बदलल्या तरी चिन्हाला हात लावावा लागत नाही. रंग एकच, आणि तोही असा, की कारखान्यातला तेलरंग मिळाला नाही तर चुन्याच्या भिंतीवर गेरूने भागावे. गावातला साधा पेंटर दोरी आणि पट्टीच्या जोरावर तो बिनचूक काढू शके. चित्र काढायचे ठरले असते तर धोका होता: बैलजोडी, झोपडी, पणती ही सगळी तोवर निवडणुकीत पक्षांनी वाटून घेतली होती. टोक वर ठेवले असते तर त्यात कुणाला घराचे छप्पर दिसले असते, कुणाला देवळाचे शिखर. (खाली टोक असलेला त्रिकोण तांत्रिक परंपरेत शक्तीची खूण मानला जातो. त्यागींच्या डोक्यात ते होते असे मानायचे कारण नाही, पण योगायोग मजेशीर आहे.)

मग तो सगळीकडे गेला. दवाखान्याच्या पाट्या, बसगाड्या, आगपेट्या, एवढेच काय हत्तीच्या अंगावरची झूलसुद्धा. १९६८ मध्ये ‘निरोध’ हा कंडोम बाजारात आला तो पंधरा पैशांना तीन या दराने, चहा, साबण आणि बॅटरीच्या कंपन्यांच्या वितरण साखळीतून. ज्या दुकानात चहाची पुडी, त्याच दुकानात निरोध. तिथे दुकानदाराला नाव उच्चारायला लाज वाटली तरी त्रिकोणाकडे बोट दाखवता येत होते.

आणीबाणीत मात्र या चिन्हाची सोपी ओळख लोकांच्या अंगावर आली. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या आकड्यांनुसार १९७६-७७ या एका वर्षात ८१ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ज्या त्रिकोणाने निरक्षर माणसाला दवाखान्याची वाट दाखवली, तोच आता पळ काढण्याची सूचना देऊ लागला. दोष रेषांचा नव्हता. पण सगळ्यांना ओळखता येणारे चिन्ह चांगल्या कामाइतकेच वाईट कामालाही चिकटते, आणि तितक्याच घट्ट.

१९७७ मध्ये नव्या सरकारने ‘कुटुंब नियोजन’ हा शब्द टाकून ‘कुटुंब कल्याण’ असे नाव घेतले. नाव बदलले, त्रिकोण टिकला. घाना, गांबिया, झिम्बाब्वे, इजिप्त या देशांनीही तो उचलला. त्यागींनी यातले काहीच पाहिले नाही. ते १९६९ मध्येच वारले. त्यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन अमेरिकेतल्या फिल हार्वे यांनी १९८९ मध्ये ‘डीकेटी इंटरनॅशनल’ ही संस्था काढली. ती आजही अनेक देशांत स्वस्त दरात गर्भनिरोधके पुरवते.