रुजुवात, झडती, हजेरी : कामाच्या ठिकाणच्या खडाजंगीचे शब्द (सिन्नरच्या संदर्भात)

सहकाऱ्याला आडून न बोलता तोंडावर जाब विचारणे, या प्रसंगाला मराठी कचेऱ्यांत व कारखान्यांत अनेक नावे आहेत. ‘हजेरी घेणे’, ‘झाडाझडती’, ‘फैलावर घेणे’, ‘बिनपाण्याने करणे’ ही त्यांपैकी काही. शेवटचा प्रयोग उघडच न्हाव्याच्या वस्तऱ्यावरून आला. पण इतर शब्दांकडे केवळ ग्राम्य बोली म्हणून पाहणे योग्य नव्हे. त्यांचे मूळ मराठेकालीन दप्तरात सापडते. ‘हजेरी’ म्हणजे उपस्थितांची मोजदाद व ‘झाडा’ म्हणजे हिशेबाचा तपशीलवार खुलासा. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ शिवकाळात रचला गेला. तरीही ‘हजेरी’सारखे शब्द टिकून राहिले.

याच दप्तरातला ‘रुजुवात’ हा शब्द येथे विशेष महत्त्वाचा आहे. दोन कागद एकमेकांशी ताडून पाहणे, तसेच दोन पक्ष समोरासमोर आणून त्यांचे म्हणणे पडताळणे, असे त्याचे दोन्ही अर्थ होते. गोतसभेत उपस्थितांची नावे ‘मजहरा’त नोंदली जात, त्यामागेही हाच समक्षतेचा आग्रह दिसतो. हजेरी एक जण घेतो व दुसरा देतो. रुजुवातीला मात्र दोन तोंडे लागतात. पेशवाईच्या अस्तानंतर (1818) न्यायदान हळूहळू अदालतींकडे गेले आणि रुजुवात हिशेबतपासणीपुरती उरली. रोजच्या बोलण्यात राहिले ते एकतर्फी शब्द. ही हानी केवळ शब्दाची नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सिन्नरच्या विडी व्यवसायाच्या संदर्भात हा मुद्दा स्पष्ट होतो. माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहतींमुळे गावाला नवी ओळख मिळण्यापूर्वी विडी हाच येथील प्रमुख उद्योग होता. पान-तंबाखू घरी न्यायची, विड्या वळून कारखान्यात आणायच्या, मजुरी हजारावर मिळायची. वळणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. तपासणारा सदोष विड्या बाजूला काढी. त्याला ‘छाट’ म्हणतात. छाटीच्या विड्यांची मजुरी बुडे, म्हणून खटका उडे तो येथेच. छाट काढणाराही पगारी नोकरच. मालक त्या ठिकाणी नसे आणि वळणारी जे काही बोले ते ‘भांडण’ ठरे.

1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने या भांडणाला वादाचा दर्जा दिला. कच्चा माल देणे, विड्या नाकारणे व नाकारलेल्या विड्यांची मजुरी यांविषयीचे वाद राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने संक्षिप्त पद्धतीने मिटवावेत, अशी तरतूद कलम 39 मध्ये होती; 2025 मध्ये हा कायदा रद्द झाला. जुन्या भाषेत ही रुजुवातच. मात्र तीसाठी छाटलेली विडी अधिकाऱ्यासमोर यावी लागे. ती तपासणीच्या वेळीच मोडून टाकली, तर ताडून पाहायला उरत ते केवळ तपासणाऱ्याच्या वहीतील आकडे.