फौजी वारले, मेडलची नोंद राहिली. घरच्यांनी काय करावं?

नांदेड/लातूर : डिस्चार्ज बुकात मेडलची नोंद राहून गेली असेल तर जवान वारल्यानंतरही ती दुरुस्त करून मागता येते. अर्ज पत्नीनं किंवा मुलांनी करायचा.

आधी पेटीतलं डिस्चार्ज बुक काढा. भरती-निवृत्तीची तारीख आणि युनिट बघा. जवान १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असेल तर स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचं मेडल लागू होतं. १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर असेल तर पश्चिमी स्टार, बांगलादेशाकडं असेल तर पूर्वी स्टार. युनिट तेव्हा कुठं होतं यावर सगळं ठरतं. नुसतं 'बाबा लढाईत होते' म्हणून भागत नाही.

अर्ज रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. अर्जावर आर्मी नंबर ठळक लिहा. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि मृत्यू दाखल्याची झेरॉक्स जोडा. मूळ बुक कुणाच्याच हाती देऊ नका. फौजेत 'मारोती' आणि आधारवर 'मारुती' असं असेल तर आधी शपथपत्र करून घ्या, नाहीतर अर्ज तिथंच अडकू शकतो.

लिहायला जमत नसेल तर आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. या मेडलांमुळं पेन्शन वाढत नाही. वाढवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.