पणजीचा पुतळा आणि पोटाचे दुखणे

१/ पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ब्राँझचा एक पुतळा आहे. झग्यातील धर्मगुरू हात पसरून उभे आहेत आणि पुढ्यात एक स्त्री निद्रेत कलंडलेली आहे. हे आबे फारिया. चिवट पोटदुखीवरील एका आधुनिक उपचाराचे मूळ त्यांच्यापाशी पोहोचते. 🧵

२/ जोझे कुस्तोदियो दे फारिया यांचा जन्म १७५६ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे झाला. १७७१ मध्ये ते वडिलांसह लिस्बनला गेले, रोममध्ये शिकून धर्मगुरू झाले आणि पुढे पॅरिसला पोहोचले.

३/ देहातून अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो, तो अडला की रोग होतो, असे फ्रान्झ मेस्मर सांगे. १७८४ मध्ये राजाने नेमलेल्या समितीने असा द्रव नसल्याचा निर्वाळा दिला. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे तिचे सदस्य होते. दिसणारे परिणाम केवळ कल्पनेचे, असे सांगून समितीने विषय मिटवला.

४/ मात्र कल्पनेने देह बदलतो, हीच तर मोठी गोष्ट होती. १८१३ पासून फारिया पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागले. समोरच्यास स्वस्थ बसवून, डोळे मिटून मन एकाग्र करण्यास सांगत आणि मग ठाम स्वरात झोपण्याची आज्ञा देत. या अवस्थेस त्यांनी ‘सजग निद्रा’ म्हटले.

५/ निद्रेचे कारण निजणाऱ्याच्या ठायी असते, निजवणाऱ्याच्या अंगी कोणतीही दिव्य शक्ती नसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामुळे मेस्मरपंथी दुखावले. १८१६ मध्ये रंगभूमीवर त्यांची खिल्ली उडवणारे प्रहसन आले. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

६/ पुढे नान्सीचे डॉक्टर बर्नहाइम यांनी सूचनेद्वारे संमोहनाचे श्रेय फारियांना दिले. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला पणजीचा पुतळा १९४५ मध्ये उभा राहिला.

७/ आता पोटाकडे वळू. इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये नेहमीच्या तपासण्यांत आतड्याला जखम वा सूज आढळत नाही; कळ, पोटफुगी, जुलाब वा बद्धकोष्ठ मात्र खरे असतात. मेंदू आणि आतडे यांच्यातील संदेशवहन बिघडते व साधी हालचालही वेदना ठरते. अशा रुग्णास ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवणे म्हणजे १७८४ च्या समितीचीच री ओढणे होय.

८/ १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी औषधांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवरील प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. अर्ध्यांना संमोहन, उरलेल्यांना मानसोपचार व निष्क्रिय गोळी देण्यात आली. शिथिल अवस्थेत पोटावर हात ठेवून ऊब अनुभवणे आणि आतडी शांत होत असल्याचे चित्र मनात आणणे, हा संमोहनाचा गाभा. संमोहनाच्या गटाची सुधारणा कितीतरी अधिक होती.

९/ २००८ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने, १२ महिने औषधांनी गुण न आल्यास विचारात घ्यावयाच्या उपचारांत संमोहनाचा समावेश केला. शौचातून रक्त जाणे वा वजन घटणे यांसाठी मात्र आधी डॉक्टरांची तपासणीच हवी.

१०/ संमोहनकार वाट दाखवतो, चालतो तो रुग्णच. पॅरिसने ज्या विचाराला हसून घालवले, तो आज रुग्णालयांत उपयोगी पडतो आहे.