अंगात १०२ ताप, तरी थंडी का वाजते? आणि पॅरासिटामॉल घेतल्यावर शरीरात नक्की काय होतं?

पावसाळा सुरू झाला की घराघरात एक सीन ठरलेला असतो.

कुणीतरी दोन गोधड्या अंगावर घेऊन कुडकुडत पडलेलं असतं. कपाळाला हात लावला तर चटका बसतो. थर्मामीटर १०२ दाखवतो. आणि तो माणूस मात्र म्हणतो, “पंखा बंद करा रे, थंडी वाजतेय.”

मग औषधांच्या डब्यातून क्रोसिन नाहीतर डोलो बाहेर येते. तासाभरात घाम फुटतो, अंग गार लागतं आणि घरातली मंडळी म्हणतात, “चला, उतरला ताप. सुटलो.”

या एका सीनमध्ये तीन प्रश्न लपलेले आहेत. अंग तापलेलं असताना थंडी कशी वाजते? एवढीशी गोळी ताप कसा काय उतरवते? आणि ताप उतरला म्हणजे खरंच सुटलो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भारी आहेत. तिसऱ्याचं उत्तर मात्र माहीत नसेल तर जिवावर बेतू शकतं. म्हणून एकेक करून बघू.

गिझरचा काटा कोण फिरवतं?

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग असतो. शरीराचं तापमान किती ठेवायचं हे तो ठरवतो. बाथरूममधल्या गिझरला जसा काटा असतो, तसाच हा आपल्या अंगातला काटा. एरवी तो ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइटच्या आसपास असतो.

(हा ९८.६ चा आकडा आला कुठून? कार्ल वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हजारो रुग्णांचं तापमान मोजून १८६८ मध्ये एक पुस्तक लिहिलं, तिथून. पण तो सरासरीचा आकडा आहे. सकाळी तापमान थोडं कमी असतं, संध्याकाळी थोडं वाढतं. त्यामुळे थर्मामीटरवर ९९ दिसलं की लगेच घाबरायचं कारण नाही.)

आता अंगात एखादा विषाणू किंवा जिवाणू शिरला की पांढऱ्या पेशी कामाला लागतात आणि रक्तात काही रसायनं सोडतात. ही रसायनं म्हणजे मेंदूला पाठवलेला निरोप. निरोप पोचला की मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो हायपोथॅलॅमसचा काटा वर सरकवतो. समजा, ९८.६ वरून थेट १०२ वर.

खरी गंमत इथे आहे. काटा १०२ वर गेला, पण अंग अजून ९८.६ वरच आहे. मेंदूच्या हिशोबानं शरीर एकदम गार पडलंय. मग मेंदू तेच करतो जे तो डिसेंबरमधल्या महाबळेश्वरला करेल. स्नायू थरथरवून उष्णता तयार करतो, ती हुडहुडी. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आवळतो, म्हणून हातपाय गार पडतात. आणि तुम्हाला गोधडी मागायला लावतो.

अंग १०२ ला पोचलं की हुडहुडी थांबते. पुढे काटा पुन्हा खाली आला की सगळं उलट होतं. आता अंग “जास्त गरम” ठरतं, म्हणून घाम फुटतो आणि गोधडी नकोशी होते.

म्हणजे घाम आला म्हणून ताप उतरला, असं आपण म्हणतो ते उलटं आहे. काटा खाली आला, म्हणून घाम आला. त्यामुळे तापलेल्या माणसाला तीन चादरींत गुंडाळून “घाम काढायचा” प्रकार काही उपयोगाचा नाही. हुडहुडी भरली असेल तर पांघरूण द्या, ती थांबली की काढून टाका.

मग ताप वाईट की चांगला?

१९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर या अमेरिकी शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातल्या इग्वाना सरड्यांवर एक प्रयोग केला. सरड्याला आपल्यासारखं आतून अंग तापवता येत नाही. तो उन्हात जातो किंवा सावलीत जातो, एवढंच. पण आजारी पडलेले सरडे मुद्दाम जास्त उबदार जागा शोधतात हे आधीच दिसलं होतं. मग या सरड्यांना जिवाणूंची लागण करून वेगवेगळ्या तापमानात ठेवलं गेलं. जे जास्त उबेत होते, त्यातले जास्त जगले.

म्हणजे ताप हा बिघाड नाही, ती शरीरानं मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. वाढलेल्या तापमानात बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी जास्त जोमानं लढतात.

पण ही व्यवस्था महाग पडते. शरीर जास्त ऊर्जा जाळतं, पाणी कमी होतं, अंग मोडून येतं, झोप लागत नाही. म्हणून डॉक्टर तापाची गोळी देतात ती मुख्यतः तुम्हाला बरं वाटावं, दोन घास खाता यावेत, पाणी पिता यावं यासाठी. प्रत्येक वेळी थर्मामीटर ९८.६ वर आणलाच पाहिजे असं नसतं. आणि बरं वाटण्यासाठी पॅरासिटामॉल घेतली म्हणून आजार लांबतो, असं माणसांमध्ये ठोसपणे दिसलेलं नाही. त्यामुळे गोळी घेण्यात अपराधी वाटायचं कारण नाही.

चुकीच्या बाटलीतून सापडलेलं औषध

या गोळीची जन्मकथाही भन्नाट आहे. १८८६ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये कान आणि हेप नावाचे दोन तरुण डॉक्टर पोटातल्या जंतांवर नॅप्थलीन देऊन बघत होते. हो, डांबरगोळीतलंच नॅप्थलीन. औषधाच्या दुकानातून चुकून भलतंच रसायन आलं, अ‍ॅसिटॅनिलाइड. जंतांवर त्याचा काही उपयोग झाला नाही, पण रुग्णाचा ताप मात्र उतरला. लगेच ते “अँटिफेब्रिन” नावानं बाजारात आलं.

पण त्यात एक घोळ होता. ते घेतल्यावर काही लोकांचे ओठ आणि नखं निळी पडायची, कारण रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी व्हायची.

पॅरासिटामॉल तेव्हा प्रयोगशाळेत तयार झालेलं होतं. १८९३ मध्ये त्याची रुग्णांवर चाचणीही झाली. पण त्यातही हाच दोष आहे असा चुकीचा निष्कर्ष निघाला आणि ते अनेक दशकं बाजूला पडलं. शेवटी १९४८ मध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांनी दाखवून दिलं की अ‍ॅसिटॅनिलाइडचं शरीरात जे पॅरासिटामॉल बनतं, तेच खरं काम करतं. निळं पाडणारं दुसरंच काहीतरी आहे. १९५० च्या दशकात पॅरासिटामॉल अमेरिका आणि ब्रिटनच्या दुकानांत आलं. याच अ‍ॅक्सलरॉडना पुढे १९७० मध्ये वेगळ्या संशोधनासाठी नोबेल मिळालं.

गोळीला कसं कळतं कुठे जायचं?

साधं उत्तर, तिला काहीच कळत नाही.

गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात जाते आणि रक्ताबरोबर अंगभर फिरते. डोकं दुखत असो वा गुडघा, ती सगळीकडेच जाते. पण मेंदूत पोचल्यावर ती प्रोस्टाग्लँडिन तयार करणारी यंत्रणा मंद करते. प्रोस्टाग्लँडिन कमी झालं की वर सरकलेला काटा खाली येतो. ही शंभर वर्षांहून जुनी गोळी वेदना नेमकी कशी कमी करते, यावर शास्त्रज्ञांचं आजही पूर्ण एकमत नाही.

परिणाम साधारण अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. म्हणून गोळीचा असर संपला की ताप परत चढतो. गोळी “फेल” गेलेली नसते. आजार अजून तिथेच असतो, इतकंच. पॅरासिटामॉल जंतू मारत नाही.

ऊन लागलं तर ही गोळी का चालत नाही?

मे महिन्यात चंद्रपूर, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. उष्माघात झालेल्या माणसाचं अंगही भयंकर तापतं. मग त्याला पॅरासिटामॉल द्यायची का?

नाही. उष्माघातात मेंदूचा काटा वर सरकलेलाच नसतो. तो ९८.६ वरच असतो, पण बाहेरच्या उष्णतेपुढे शरीराची थंड व्हायची यंत्रणा कोलमडलेली असते. जो काटा वर गेलाच नाही, तो गोळी खाली काय आणणार? वर यकृतावर आधीच ताण असतो, त्यात गोळीची भर.

तिथे एकच उपाय, बाहेरून थंड करणं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात हलवा. माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

साधी गोळी, पण हिशोब कडक

पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात घेतली तर सुरक्षित औषधांपैकी एक आहे. पण अमेरिका आणि ब्रिटनमध्ये यकृत अचानक निकामी होण्याचं एक सगळ्यात मोठं कारणही तीच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फरक फक्त डोसचा.

गोळीचा बराचसा भाग यकृत निमूटपणे बाहेर काढून टाकतं. थोड्या भागाचं मात्र एक विषारी रसायन बनतं. यकृताकडे ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो हे विष निकामी करतो. गोळ्या जास्त झाल्या की साठा संपतो आणि विष यकृताच्याच पेशी मारू लागतं. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ, बस्स. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगलं काम करतो. म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील तर “बघू, त्रास झाला तर जाऊ” असं करायचं नाही. लगेच हॉस्पिटल गाठायचं.

निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर मर्यादा त्याहून खाली येते. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, चमच्याच्या अंदाजावर नाही.

“चार ग्रॅम कोण खातंय?” असं वाटेल. पण हिशोब करून बघा. तापासाठी ६५० ची गोळी दिवसातून चार वेळा, झाले २६००. सर्दीसाठी वेगळी गोळी तीन वेळा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. समजा प्रत्येकीत ५००, झाले १५००. बेरीज ४१००. ओलांडली मर्यादा, आणि तुम्हाला वाटतंय तुम्ही दोन वेगळी औषधं घेतलीत.

म्हणून ब्रँडचं नाव बघू नका, स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही नावं वेगळी, आतलं औषध एकच.

ताप उतरला, पण धोका सुरू झाला

आता तिसरा प्रश्न. पावसाळ्यातला ताप साधा विषाणूचा असू शकतो, तसाच डेंग्यूचा, मलेरियाचा किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्यावर होणाऱ्या लेप्टोचाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती याच कारणानं. पहिल्या दोन दिवसांत हे सगळे ताप सारखेच दिसू शकतात.

डेंग्यूबाबत दोन गोष्टी पाठच करून ठेवा.

पहिली, ताप कशाचा आहे हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनानं घेऊ नका. ही औषधं रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात आणि पोटाला त्रास देतात. डेंग्यूत आधीच प्लेटलेट घसरलेल्या असतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. लोक अंगदुखीला सहज घेतात त्या कॉम्बिफ्लाममध्येही पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असतं, हे लक्षात असू द्या.

दुसरी, डेंग्यूचा सगळ्यात नाजूक काळ बहुतेक वेळा ताप उतरताना सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरचे म्हणतात ताप गेला, आणि त्याच एक-दोन दिवसांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, खूप गळून जाणं किंवा अस्वस्थ वाटणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी हॉस्पिटल गाठा.

मग ताप आला तर करायचं काय?

पाणी, पेज, सरबत, ओआरएस चालू ठेवा. आराम करा. फार अस्वस्थ वाटत असेल तर पॅरासिटामॉल, दोन डोसांत किमान चार ते सहा तास सोडून, वेळ लिहून ठेवून. अंग पुसायचं असेल तर कोमट पाण्यानं. बर्फाच्या पाण्यानं हुडहुडी भरते आणि अंग उलट जास्त उष्णता तयार करतं. उरलेली अँटिबायोटिक काढून खाऊ नका, विषाणूवर ती काम करत नाही.

ताप दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, पुरळ आलं, धाप लागली, मान आखडली, माणूस बरळायला लागला किंवा फिट आली तर डॉक्टरकडे जा. गरोदर बाई असेल तर वाट बघू नका. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर १००.४ तापसुद्धा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि घरात पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “चला, उतरला ताप,” तर एक प्रश्न नक्की विचारा. उतरला, की गोळीनं उतरवलाय?