सुक्या बोंबलाचा माग : मासे किती धरायचे, हे ठरवते कोण?

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही नवापूर, अक्कलकुवा वा धडगावच्या आठवडे बाजारात सुके बोंबील आणि सुकट यांचे ढीग मांडलेले असतात. जिल्ह्याच्या मधून तापी वाहते, उत्तर सीमेवरून नर्मदा. दोन्ही नद्या खंभातच्या आखाताला मिळतात आणि त्याच आखातापासून मुंबईपर्यंतच्या उथळ, गढूळ पाण्यात बोंबील विपुल सापडतो. तो किती धरायचा, कोणत्या जाळ्याने, कोणत्या महिन्यात आणि कोणी, हे कोण ठरवते? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा बराच इतिहास दडलेला आहे. त्याचा एक धागा सातपुड्यापर्यंत येतो.

आरंभ कायद्यापासून करणे चुकीचे ठरेल, कारण नियम कायद्याच्या आधीपासून होते. पालघर, वसई, मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळी डोल जाळ्याने बोंबील धरतात. हे जाळे माशाच्या मागे धावत नाही. समुद्रतळात खुंट रोवून ते बांधले जाते आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासे त्यात आणून सोडतो. म्हणजे सारे काही जागेवर अवलंबून. या रोवलेल्या जागेला ‘कव’ म्हणतात. कोणाची कव कोठे, हे गावाने मान्य केलेले असे आणि तो हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत येई. तंटा झाला तर जमातीची पंचायत बसे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावरच त्या पाण्यात उतरत. खवळलेल्या समुद्रापासून जीव वाचवणे हा त्यातील उघड हेतू. मात्र त्या काळात अनेक जातींच्या माशांना निर्वेधपणे अंडी घालता येत, हा लाभही त्यातून आपोआप मिळे.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह आवरलेला बरा. पंचायतीचा शब्द गावापुरता चाले, दोन गावांच्या मध्ये तो लुळा पडे. वसई-उत्तनकडील मच्छीमारांच्या कवी उत्तरेला सरकून आपल्या समोरच्या समुद्रात आल्या, अशी पालघर-डहाणूकडील मच्छीमारांची तक्रार आहे. हा वाद अनेक दशके चालला आहे आणि बैठकांनी तो पुरता मिटलेला नाही. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, हेच त्याचे मूळ.

खरा हादरा यंत्राने दिला. १९५० च्या दशकात केरळात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला आणि यांत्रिक नौकांचे युग आले. पुढे कोळंबीला परदेशात भाव मिळू लागताच तळ खरवडत जाणारे ट्रॉलर पश्चिम किनाऱ्यावर झपाट्याने वाढले. ते किनाऱ्यालगतच फिरत, कारण कोळंबी तेथेच असे. गरीब मच्छीमारांची जाळी त्यांच्याखाली फाटू लागली. समुद्रात मारामाऱ्या आणि जाळपोळ झाली. गोव्यात रांपणकार संघटित झाले. मातान्ही साल्ढाणा हे त्यांच्या लढ्यातील अग्रणी नाव. केंद्र सरकारने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली आणि तिच्या कामातून राज्यांसाठी एक नमुना विधेयक पुढे आले.

येथे राज्यघटनेकडे वळावे लागते. सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील २१ वा विषय आहे, तर प्रादेशिक जलधीबाहेरची मासेमारी केंद्रसूचीत ५७ व्या क्रमांकावर आहे. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने प्रादेशिक जलधी १२ सागरी मैल आणि अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैल ठरवले. म्हणजे किनाऱ्यापासून १२ मैलांपर्यंत राज्य, त्यापुढे केंद्र. पापलेटला अर्थातच ही वाटणी ठाऊक नाही. तो दोन्हीकडे फिरतो.

केरळ आणि गोव्याने १९८० मध्ये पाऊल उचलले. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. कोणत्या क्षेत्रात, कोणत्या नौकेने, कोणत्या जाळ्याने, कोणत्या काळात मासेमारी करावी वा करू नये, हे आदेशाने ठरवण्याचा अधिकार शासनाला मिळाला. तो वापरताना पारंपरिक मच्छीमारांच्या हिताचे रक्षण, माशांचे संवर्धन आणि किनाऱ्यावरील कायदा-सुव्यवस्था या गोष्टी ध्यानात घ्यायच्या होत्या. किनाऱ्यावरील संघर्षाची खूण या शब्दांत स्पष्ट उमटली आहे.

मग निर्णयाच्या मेजाभोवती बसणार कोण? या प्रश्नावर त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला वेगळे उत्तर दिले गेले होते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर परदेशी ट्रॉलरांनी धुमाकूळ घातल्यावर तेथील संसदेने १९७६ मध्ये मत्स्यसंवर्धनाचा कायदा केला आणि देशाचा समुद्र ८ प्रादेशिक परिषदांमध्ये वाटला. प्रत्येक परिषदेत राज्यांचे मत्स्य-अधिकारी आणि केंद्राचा प्रतिनिधी असतो. त्यांच्याच शेजारी राज्यपालांनी सुचवलेल्या नावांतून नेमलेली माणसे बसतात आणि त्यांत प्रत्यक्ष मासेमारी करणारेही असतात. मासेमारीचा आराखडा परिषद तयार करते आणि केंद्रीय वाणिज्य मंत्री त्याला मंजुरी देतो. बैठका खुल्या असतात, मतदान होते.

हे चित्र आकर्षक असले तरी निर्दोष नाही. ज्यांचे पोट माशावर, तेच मर्यादा ठरवणार, तेव्हा मर्यादा सैल राहण्याचा धोका असतोच. न्यू इंग्लंडमध्ये तसेच घडले. कॉड माशाचा साठा ढासळत गेला आणि १९९४ मध्ये जॉर्जेस बँक या विख्यात क्षेत्राचा मोठा भाग मासेमारीस बंद करावा लागला. अखेर २००६ च्या दुरुस्तीने वार्षिक पकडीची मर्यादा सक्तीची झाली आणि परिषदेच्या शास्त्रीय समितीने सांगितलेल्या आकड्यापलीकडे जाण्यास परिषदेलाच मज्जाव झाला. मच्छीमाराची खुर्ची तशीच राहिली, मात्र तिच्यासमोर शास्त्रज्ञाची लक्ष्मणरेषा आखली गेली.

महाराष्ट्रात मच्छीमाराला खुर्ची मिळाली ती सल्ल्याची. सल्लागार समितीशी विचारविनिमय होतो, निर्णय मात्र शासनाचा असतो. एकूण किती टन मासे धरायचे, असा आकडा येथे ठरत नाही. नियंत्रण असते ते नौका, जाळी, अंतर आणि काळ यांवर. शेकडो जातींचे मासे एकाच जाळ्यात येणाऱ्या उष्ण समुद्रात प्रत्येक जातीचा वेगळा कोटा मोजणे कठीण, हे त्याचे एक समर्थनीय कारण आहे. तेवढेच खरे की काळाचा नियम बंदरावर उभे राहून तपासता येतो, टनांचा तपासता येत नाही.

पावसाळी बंदीच्या आदेशात जुन्या आणि नव्या व्यवस्थेची गाठ लक्षणीय रीतीने पडली होती. अनेक वर्षे ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. सरकारी आदेशात पंचांगाची तिथी! पुढे पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांसाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा समान काळ ठरला आणि तिथी गेली. बंदी पुन्हा नारळी पौर्णिमेपर्यंत न्यावी, अशी मागणी पारंपरिक मच्छीमारांकडून वारंवार होते. अधिक बंदी मागणारे स्वतः मच्छीमार, हे दृश्य ‘माणूस हावरा असतो’ या सरधोपट सिद्धांतात बसत नाही.

पर्ससीन जाळ्यांचा प्रश्न याहून कडवट ठरला. हे जाळे माशांच्या थव्याला वेढून बटव्यासारखे खालून आवळले जाते आणि बांगडा, तारलीचे थवेच्या थवे एका फेऱ्यात उचलते. रापणीवर जगणाऱ्या सिंधुदुर्गात त्यावरून संघर्ष पेटला. डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अभ्यास केला आणि तिच्या शिफारशींच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने आदेश काढला. पर्ससीन परवाने टप्प्याटप्प्याने कमी करून १८२ वर आणायचे आणि या मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ द्यायचा, असे त्यात होते. २०२१ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली. तोवर दंडाचे खटले तहसीलदारापुढे चालत. महसूल, निवडणुका, दुष्काळ यांत बुडालेल्या त्या कचेरीत समुद्राची फाइल कोठे राहणार? ते अधिकार मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले आणि दंड लाखांच्या घरात गेला. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा घोषित झाला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली गेली आणि त्याहून लहान मासा धरण्यास मनाई झाली.

आता पुन्हा नंदुरबारकडे. घटनेतील त्याच २१ व्या विषयाने सातपुड्यातील पाणीही राज्याच्या हाती दिले आहे, आणि या जिल्ह्याच्या वाट्याला दोन विशाल जलाशय आले आहेत. तापीवरचे उकाई धरण गुजरातमध्ये १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याचा फुगवटा नवापूर तालुक्यातील गावांपर्यंत आला. नर्मदेवरच्या सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित केली, अक्कलकुव्यातील ९ आणि अक्राणीतील २४. मणिबेली हे त्यांतील आरंभी बुडालेले गाव. सुमारे ९,६०० हेक्टर भूभाग या राज्यात पाण्याखाली जाणार होता आणि त्यातील बहुतांश जंगल होते.

त्या गावांतील भिल्ल आणि पावरा कुटुंबे वाहत्या नदीत मासे धरत. नदीचा तलाव झाला, तसे मासेही बदलले आणि साधनेही. खोल, पसरट पाण्यात जुनी जाळी अपुरी पडते, मोठी होडी लागते, बर्फ लागतो, बाजारापर्यंत रस्ता लागतो. विस्थापितांनी सहकारी संस्था उभारल्या. ज्यांची जमीन बुडाली, त्या जमिनीवरच्या पाण्यातील मासा त्यांचाच, हा त्यामागचा दावा होता. नर्मदेच्या खोऱ्यातच मध्य प्रदेशात तो एकदा मोठ्या प्रमाणावर आजमावला गेला होता. तवा जलाशयाचा ठेका १९९६ मध्ये विस्थापित आदिवासींच्या मत्स्य संघाला मिळाला आणि २००१ मध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवला गेला. मासे धरणे, तोलणे, विकणे, बीज सोडणे, बंदीच्या काळात पहारा देणे, सारे संघ करी. २००६ च्या अखेरीस मुदत संपली. जलाशय व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, या कारणाने ती पुन्हा वाढली नाही.

सरदार सरोवराची गुंतागुंत याहून अधिक. एकच तलाव, पण तीन राज्यांच्या भूमीवर पसरलेला. पाण्याच्या वाटपासाठी चार राज्यांचे नर्मदा नियंत्रण प्राधिकरण आहे. माशांसाठी मात्र प्रत्येक राज्याचा मत्स्य विभाग आपापल्या हद्दीपुरता पाहतो. अमेरिकेच्या परिषदा नेमक्या अशाच अडचणीवर, राज्याराज्यांच्या रेघा ओलांडणाऱ्या माशावर, उपाय म्हणून निर्माण झाल्या होत्या.

याशिवाय एक निर्णय असा आहे, जो कोणत्याच मत्स्य विभागाच्या हाती नाही. जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. सप्टेंबर २०१९ मध्ये तो प्रथमच तेथवर भरला. पाणी केव्हा चढवायचे आणि केव्हा उतरवायचे, हे सिंचन आणि विजेच्या हिशेबाने ठरते. पातळी उतरते तसा काठ दूर जातो आणि बांधलेली जाळी उघडी पडतात. धरणाच्या दुसऱ्या बाजूला, भरूचच्या खाडीत, समुद्रातून अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्याकडे चढणाऱ्या हिलसा माशाची वरची वाट धरणाने तोडली आहे. खाली किती पाणी सोडले जाते, यावर तेथील मच्छीमारांचा हंगाम ठरतो. धडगावचा होडीवाला आणि भरूचचा होडीवाला एकाच नदीवर जगतात. ज्या बैठकीत तिचे दरवाजे उघडायचे की नाही हे ठरते, तेथे दोघांपैकी कोणालाही खुर्ची नाही, सल्ल्याचीसुद्धा.