बाबाजी बल्लाळशाहाची ऐंशी वर्षे

चांद्याच्या गोंड राजवंशाची जी यादी आजही छापली जाते, ती मूळची मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या 1869 च्या जमाबंदी अहवालातली. स्थानिक परंपरेवरून त्यांनी ती तयार केली. 870 ते 1751 या काळात 19 राजे. म्हणजे प्रत्येकाला सरासरी 46 वर्षे. त्यात बाबाजी बल्लाळशाहाची कारकीर्द 1442 ते 1522 अशी दिली आहे. एकट्या राजाची 80 वर्षे!

याच राजाची दुसरी साक्ष अकबराच्या दरबारात सापडते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना चांद्याजवळच्या ‘बाबजिउ’ या गोंड जमीनदाराची नोंद केली. पदरी 1,000 घोडेस्वार आणि 40,000 पायदळ. हिऱ्यांची खाण असलेले वैरागड त्याने नुकतेच दुसऱ्या जमीनदाराकडून घेतलेले. तिथे नक्षीचे कापड विणले जाई आणि रानात हत्ती पुष्कळ. स्वतंत्र सैन्य बाळगणाऱ्या राजाला मोगल कागद ‘जमीनदार’ म्हणतात, हेही ध्यानात ठेवावे. पण 1522 साली संपलेल्या राजाला सत्तर वर्षांनी गड घेता येत नाही. म्हणून पुढच्या अभ्यासकांनी त्याचा काळ 1572 ते 1597 असा अलीकडे आणला.

वैरागड आमच्या धानोऱ्याच्या वायव्येला, आरमोरी तालुक्यात आहे. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून हत्तींचा कळप धानोरा तालुक्यात उतरला, तेव्हा ‘आपल्याकडे हत्ती कुठले?’ असे विचारणारे मला भेटले. ‘ऐन’मधली नोंद त्याचे उत्तर देते.

याहून अवघड प्रश्न मला इथे विचारला जातो. यादीतली साले चुकली, तर राजेही दंतकथाच का? मला तसे वाटत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दाल रियाता या गेलिक राज्याचा राजा आयदान पाहा. तो 574 मध्ये गादीवर आला. 603 मध्ये डेगसास्तान इथे त्याचा पराभव झाला, तो सविस्तर सांगितला बीड या इंग्रज भिक्षूने, जिंकणाऱ्या पक्षाच्या बाजूने आणि सव्वाशे वर्षांनी. गेलिक वंशावळींनी त्याचे कुळ जपले. तिथले अभ्यासक दोन्ही साक्षी शेजारी ठेवून वाचतात. परंपरेकडून ते नाव आणि नाते घेतात, साल मात्र तपासून घेतात.

बाबाजीलाही हाच न्याय हवा. लोकस्मृतीने त्याचे नाव तीनशे वर्षे सांभाळले आणि परक्या दरबारातल्या नोंदीने ते खरे ठरवले. ऐंशी वर्षे गेली म्हणून त्याचे काही बिघडत नाही. उलट त्याला समकालीन मिळतात. गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावती 1564 मध्ये मोगलांशी लढताना पडल्या. त्यानंतरच्या पिढीत, वर्धा-वैनगंगेच्या या मुलखात, एक गोंड राजा आपली हद्द वाढवत होता. 1442 हे साल धरून बसलो, तर ही गोष्टच आपल्याला दिसत नाही.