नुसती तपासणी, तीच उपचार झाली

मित्रांनो, संशोधनाकडे वळताय ना? मग 1987 सालची ही गोष्ट माहीत हवी. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात न्यूरोसर्जन आलिम-लुई बेनाबिद हाताची थरथर थांबवण्यासाठी मेंदूतल्या थॅलॅमसचा छोटासा भाग जाळत. त्याआधी जागा बरोबर आहे ना, हे बघायला इलेक्ट्रोडमधून करंट द्यायचे. ही नुसती तपासणी! पण सेकंदाला शंभरेक स्पंदनं दिली की थरथर थांबायची. करंट बंद केला की पुन्हा सुरू.

जाळलेला भाग परत येत नाही, आणि दोन्ही बाजूंना जाळलं तर बोलणं बिघडण्याचा धोका. मग जाळायचंच कशाला? बेनाबिद आणि न्यूरोलॉजिस्ट पिएर पोलाक यांनी इलेक्ट्रोड आतच ठेवला आणि कातडीखाली बसवलेल्या पेसमेकरसारख्या यंत्राला जोडला. डीप ब्रेन स्टिम्युलेशन ते हेच.

1990 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी हे उपचार सुरू केले. यानं पार्किन्सन बरा होत नाही, लक्षणं आटोक्यात राहतात. शिवाय करंट जुळवून घ्यायला पुन्हापुन्हा जावं लागतं; आपल्या सोलापूरच्या पेशंटला म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या फेऱ्या आल्या.

असा करंट बाकीचे सर्जनही देत होते. बेनाबिदांनी त्या पायरीलाच प्रश्न विचारला. तुमच्या वहीत ‘फक्त चेक केलं’ अशी ओळ असेल, तर ती पुन्हा एकदा वाचा.